ब्लॉग सुरू करायचाय? शोधत येणाऱ्यासाठी लिहा

फेसबुकवर तीन-चार वर्षांपूर्वी लिहिलेली, तुम्हाला स्वतःला आवडलेली एखादी पोस्ट आत्ता शोधून बघा. तारीख आठवत नाही, सुरुवातीचे शब्द आठवत नाहीत, मग अंगठा दुखेपर्यंत खाली खाली जायचं. लिहिणाऱ्याची ही गत. तुमचं नावही ठाऊक नसलेल्या, पण नेमकी तीच माहिती आज हवी असलेल्या माणसाला ती पोस्ट सापडण्याची शक्यता जवळपास शून्य.

ब्लॉग या माणसासाठी असतो. सोशल मीडियावर वाचक येता-जाता तुमच्यापुढून सरकतो, आवडलं तर थबकतो, एवढंच. ब्लॉगवर येणारा बहुतेक वेळा काहीतरी अडलं म्हणून शोधत आलेला असतो. तुम्ही लिहून दोन वर्षं झालेली असतात आणि त्याला ते आज, दोन मिनिटांत हवं असतं. हा माणूस डोळ्यांपुढे ठेवला की पत्ता कुठे घ्यायचा, शीर्षक काय द्यायचं, फोटो केवढा टाकायचा असल्या बारीकसारीक प्रश्नांची उत्तरं सापडू लागतात. नव्याने सुरुवात करणाऱ्यासाठी कामं साधारण ज्या क्रमाने येतात, त्याच क्रमाने पुढे लिहितो.

१. आधी पत्ता

ब्लॉगला दोन गोष्टी लागतात. डोमेन, म्हणजे पत्ता. आणि होस्टिंग, म्हणजे लिखाण प्रत्यक्ष ज्या सर्व्हरवर राहतं ती जागा. नवखी मंडळी जागा निवडण्यात आठवडे घालवतात आणि पत्ता मात्र कंपनीच्या नावाचं शेपूट लागलेला, फुकटातला घेतात. मी उलटा सल्ला देतो. जागा फुकटातली असली तरी चालेल, डोमेन तेवढं स्वतःच्या नावावर विकत घ्या. जागा पुढे बदलता येते. डोमेन तुमचं असेल आणि पोस्टच्या पत्त्यांची रचना तुम्ही तीच ठेवली, तर सगळं लिखाण उचलून दुसऱ्या कंपनीकडे नेलं तरी वाचकाला ते कळतही नाही.

जागा बदलायची वेळ खरंच येते का? याहूने जिओसिटीज ही फुकट वेबसाइट देणारी सेवा २००९ मध्ये बंद केली (जपानमध्ये ती आणखी दहा वर्षं चालली). ट्विटरने पोस्टरस ही ब्लॉगसेवा विकत घेतली आणि २०१३ मध्ये गुंडाळली. गूगलचं ऑर्कुट हे समाजमाध्यम २०१४ मध्ये गेलं. टाइपपॅड ही २००३ पासूनची जुनी, पैसे घेऊन चालणारी ब्लॉगसेवा. तीही सप्टेंबर २०२५च्या अखेरीस बंद झाली, म्हणजे पैसे भरले की निर्धास्त, असंही नाही. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संशोधन संस्थेने २०२४ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. २०१३ मध्ये वेबवर असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडेनाशी झाली होती.

डोमेन घेताना नाव असं निवडा की फोनवर एकदा सांगितलं की ऐकणाऱ्याला लिहिता आलं पाहिजे. जोडरेषा, आकडे, दोनदा येणारी अक्षरं टाळा. देवनागरीतलं डोमेनही मिळतं, पण बऱ्याच ठिकाणी ते रोमन अक्षरांच्या निरर्थक माळेत रूपांतरित होऊन दिसतं, त्यामुळे एकुलता एक पत्ता म्हणून ते घेऊ नये.

नोंदणी तुमच्याच नावावर आणि तुमच्याच खात्यातून झाली पाहिजे. ‘मी करून देतो’ म्हणणाऱ्या मित्राच्या खात्यातून अजिबात नको. मैत्री टिकते, पासवर्ड हरवतो. नूतनीकरण आपोआप होईल अशी सोय चालू ठेवा. आणि हमखास चुकणारी एक गोष्ट: डोमेनच्या खात्याला जो ईमेल द्याल, तो त्याच डोमेनवरचा देऊ नका. मुदत संपली की तो ईमेलही बंद पडतो आणि ‘मुदत संपली’ सांगणारी सूचना तुमच्यापर्यंत पोचतच नाही. डॉट कॉमसारख्या डोमेनची मुदत टळली तरी ते लगेच हातचं जात नाही. थोडी सवलतीची मुदत असते, मग जादा दंड भरून सोडवून घेण्याचे ३० दिवस, त्यानंतर मात्र ते कुणालाही घेता येतं. एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी पैसे भरता येतात. जमत असेल तर दोन-तीन वर्षांचे तरी भरून टाका.

२. मग जागा

इथे फार रेंगाळू नका. कुठल्याही सेवेला तीन प्रश्न विचारा. माझं डोमेन जोडता येईल का? माझं सगळं लिखाण एका फाइलमध्ये उतरवून घेता येईल का? ब्लॉगला आरएसएस फीड (नवी पोस्ट वाचकाच्या यादीत आपोआप पोचवणारी व्यवस्था) आहे का? तिन्हींना होकार असेल तर जागा बरी आहे.

ब्लॉगर १९९९ पासून आहे, २००३ पासून गूगलकडे आहे. सोपं आहे, फुकट आहे, स्वतःचं डोमेन जोडता येतं. मात्र त्यात नवं काही घडणं कधीच थांबलंय. वर्डप्रेस २००३ मध्ये आलं. त्याची दोन रूपं नवख्याला गोंधळात टाकतात. डॉट कॉमवर सगळी व्यवस्था कंपनी बघते आणि स्वतःचं डोमेन जोडायला पैसे पडतात. डॉट ऑर्गवरून नुसतं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते तुमच्या होस्टिंगवर टाकायचं आणि पुढचे अपडेट, प्लगइन (वरून जोडायच्या सोयी), सुरक्षा हे सगळं तुम्ही निस्तरायचं. तांत्रिक उचापतींची हौस नसेल तर दुसऱ्या वाटेला जाऊ नका. वाचकांना ईमेलने लिखाण पाठवायचं हाच मुख्य हेतू असेल तर सबस्टॅक किंवा घोस्ट बघा.

निवड एका संध्याकाळी संपवा. सहा महिने सेवांची तुलना करून एकही पोस्ट न लिहिलेली माणसं मी बरीच पाहिली आहेत, आणि त्यांना सगळ्या सेवांमधले फरक तोंडपाठ असतात.

३. मराठी दिसायला हवं तसं दिसतंय ना

इंग्रजीसाठी बनवलेली थीम, म्हणजे साइटच्या रूपाचा तयार साचा, घेतली की मराठी मजकूर गर्दी केल्यासारखा दिसतो. आपल्या लिपीत वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार, म्हणून ओळींमधलं अंतर जास्त लागतं. अक्षराच्या उंचीच्या १.६ ते १.८ पट ठेवा. अक्षरंही इंग्रजीपेक्षा एक-दोन आकडे मोठी हवीत. परिच्छेद दोन्ही कडांना जुळवून घेऊ नका. मराठी शब्द ओळीच्या शेवटी तोडण्याची सोय बहुतेक ठिकाणी नसते, त्यामुळे मोबाइलच्या अरुंद पडद्यावर शब्दांमध्ये ही भोकं पडतात. मुक्ता, नोटो सॅन्स देवनागरी, टिरो देवनागरी मराठी हे फॉन्ट फुकट आहेत आणि वाचायला चांगले आहेत.

सेटिंगमध्ये साइटची भाषा ‘मराठी’ निवडा. हे नुसतं सोपस्कार म्हणून करायचं नसतं. नोटोसारख्या फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणं वेगळी ठेवलेली असतात आणि पानाची भाषा मराठी आहे हे कळलं तरच ती दिसतात. नाहीतर हिंदी वळणाचा ल येतो. बऱ्याच वाचकांना काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण खटकतं. शिवाय आंधळ्या वाचकासाठी पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअरही या सेटिंगवरूनच उच्चार ठरवतं.

तुमच्याकडे कृतिदेव, शिवाजी अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले लेख पडून असतील, तर ते तसेच चिकटवू नका. त्या फाइलींमध्ये आत रोमन अक्षरंच असतात, वर फक्त देवनागरीचा मुखवटा असतो. शोधयंत्राला त्यात मराठीचा म सापडत नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांना कळणाऱ्या खऱ्या देवनागरी अक्षरांत, बदलून घ्या आणि मग डोळ्यांत तेल घालून वाचा. ऱ्हस्व वेलांटी आणि रफार हमखास भलत्या अक्षरावर जाऊन बसतात, कारण जुन्या फॉन्टमध्ये ती चिन्हं दिसतात त्या क्रमाने टाइप व्हायची आणि युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने साठवली जातात.

बाकी रंग, लोगो, बोधचिन्ह, बाजूच्या पट्टीत हवामान... पहिल्या वर्षी यातलं काही लागत नाही.

४. पहिली पोस्ट

‘नमस्कार, हा माझा पहिलाच ब्लॉग, गोड मानून घ्या’ ही पोस्ट लिहू नका. शोधत येणाऱ्या माणसाला तिचा काही उपयोग नसतो आणि सहा महिन्यांनी तुम्हाला ती बघवत नाही. तुम्ही कोण, कशावर लिहिता, संपर्क कसा करायचा हे ‘माझ्याविषयी’ या पानावर पाच-सहा ओळींत लिहा. घरचा पत्ता, फोन नंबर, मुलांच्या शाळेचं नाव तिथे नको.

विषय कुठून आणायचा? ज्या गोष्टीबद्दल लोक तुम्हाला पुन्हा पुन्हा विचारतात, ती घ्या. एकच उत्तर तुम्ही तिसऱ्यांदा व्हॉट्सअॅपवर टाइप करत असाल तर ती पोस्ट आहे. ज्याची माहिती तुम्हाला हवी होती आणि मराठीत कुठेच मिळाली नाही, शेवटी तीन ठिकाणचं वाचून, दोन फोन करून तुम्ही स्वतः जुळवलीत, तीही पोस्ट आहे. माझ्या मते हाच सगळ्यांत भरवशाचा झरा. चॅटबॉटला विचारलं की कुठल्याही विषयावर सर्वसाधारण उत्तर आता चुटकीसरशी मिळतं. त्यामुळे ‘वाचनाचे दहा फायदे’ छापाचं लिहिण्यात अर्थ उरलेला नाही. कुणा एकाने स्वतः करून पाहिलं, अमुक ठिकाणी अडलं, तमुक केल्यावर सुटलं, एवढं नेमकं ज्याच्याजवळ आहे त्याचंच पान वाचण्याजोगं.

एक उदाहरण जवळून बघू. समजा सायकलबद्दल लिहायचंय. पहिला खर्डा साधारण असा उतरतो:

‘नमस्कार मित्रांनो! आजच्या धकाधकीच्या जीवनात आरोग्याचं महत्त्व अनन्यसाधारण आहे. सायकल हा तर आपल्या सर्वांच्याच जिव्हाळ्याचा विषय. लहानपणी आपण सर्वांनीच सायकल चालवली आहे. परंतु कधी कधी सायकल चालवताना काही अडचणी येतात. आज आपण अशाच एका अडचणीविषयी जाणून घेणार आहोत.’

सहा वाक्यं झाली आणि अडचण कुठली ते अजून कळलं नाही. रस्त्याकडेला उभ्या, हात काळे झालेल्या माणसाने हे मोबाइलवर उघडलंय असं समजा. तो पहिल्या वाक्यालाच निघून गेला. आता हेच असं लिहा:

‘सगळ्यांत हलक्या गिअरवर जाताच चेन मागच्या चाकाच्या तारांकडे उतरत असेल, तर आधी मागच्या डिरेलरवरचा (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागावरचा) “एल” खुणेचा स्क्रू बघा. तो थोडा आवळला की डिरेलर चाकाच्या बाजूला जास्त आत जात नाही.’

कुठली अडचण, कशाकडे बघायचं, काय करायचं, सगळं दोन वाक्यांत आलं. पुढे सायकलशी तुमचं जुनं नातं खुशाल लिहा. काम झालेला माणूस निवांत वाचतो. उत्तर वर, गप्पा खाली. ललित लिहिणाऱ्यांना हा नियम लागू नाही हे उघड आहे, पण त्यांनीही पहिल्या ओळीत ‘आजच्या धकाधकीच्या’ लिहू नये.

लिहिताना ब्लॉगच्या खिडकीत थेट टाइप करू नका. साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहा, तिथून चिकटवा. जॉन ग्रूबर यांनी २००४ मध्ये आणलेली मार्कडाउन ही खुणांची पद्धत अर्ध्या तासात शिकता येते. त्यात लिहिलेली फाइल कुठल्याही यंत्रावर, कुठल्याही सॉफ्टवेअरशिवाय वाचता येते. वर्डमधून चिकटवलं की सोबत फॉन्ट, रंग आणि आकारांचा कचरा येतो आणि एकेक परिच्छेद वेगळाच दिसायला लागतो.

५. शीर्षक आणि पोस्टचा पत्ता

शीर्षकात ते शब्द हवेत जे माणूस शोधपेटीत टाइप करेल. ‘एक अनुभव’, ‘थोडंसं मनातलं’, ‘असंही घडतं’ ही शीर्षकं छापील दिवाळी अंकात शोभतात, कारण तिथे वाचकाच्या हातात अख्खा अंक असतो. इथे शोधनिकालांच्या यादीत शीर्षक एकटं उभं असतं. ‘सायकलची चेन वारंवार का उतरते’ हे रुक्ष वाटेल, पण सापडेल.

आता पोस्टच्या पत्त्याचा शेवटचा तुकडा. शीर्षक मराठीत असेल तर इथे गंमत होते. देवनागरीतलं एकेक चिन्ह (काना, मात्रा, अनुस्वार धरून) साठवायला तीन बाइट लागतात. पत्त्यात ते लिहिताना प्रत्येक बाइटचं एक टक्केचिन्ह आणि दोन अक्षरं होतात, म्हणजे एका चिन्हाची नऊ अक्षरं. ‘सायकलची चेन वारंवार का उतरते’ यात २४ चिन्हं आणि शब्दांमध्ये चार जोडरेषा, म्हणजे झाली २२० अक्षरं. वर्डप्रेसमध्ये या तुकड्याला २००ची मर्यादा आहे. त्यामुळे पत्ता ‘का-उत’ इथेच तुटतो. ब्राउझरच्या पट्टीत मराठी छान दिसतं, पण पत्ता कॉपी करून कुणाला पाठवला की बहुतेक वेळा टक्केचिन्हांचा सडा पडतो आणि मिळालेल्या माणसाला तो व्हायरस वाटतो. ब्लॉगरची तऱ्हा आणखी वेगळी. तो मराठी अक्षरं गाळूनच टाकतो आणि प्रत्येक पोस्टचा पत्ता ‘ब्लॉग-पोस्ट’ आणि पुढे आकडा, असा करून ठेवतो.

उपाय सोपा आहे. प्रसिद्ध करण्याआधी हा तुकडा स्वतःच्या हाताने, रोमन लिपीत, दोन-तीन शब्दांत भरा. ‘सायकल-चेन’ एवढं पुरे. एकदा प्रसिद्ध केल्यावर मात्र तो पुन्हा बदलू नका, कारण कुणीतरी तो कुठेतरी जपून ठेवलेला असतो. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच पत्ते बदलू नका म्हणून कळकळीने लिहिलं होतं. ते पान अजून त्याच पत्त्यावर आहे.

६. दुवे, फोटो, उसनवारी

कुणाचं वाचून तुम्हाला काही कळलं असेल तर त्याचा दुवा द्या. ‘इथे क्लिक करा’ या शब्दांवर दुवा लावू नका. दुव्यामागे काय आहे ते त्या शब्दांतूनच कळायला हवं, कारण उद्या तो दुवा मेला तर वाचकाला निदान काय शोधायचं ते तरी कळेल. महत्त्वाच्या पानाची एक प्रत इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये जतन करून ठेवता येते. पानाचा पत्ता तिथे टाकायचा, एवढंच काम. ही संस्था १९९६ पासून वेबची पानं साठवते आहे.

फोटोचं प्रकरण जरा गंभीर आहे. शोधयंत्रात दिसलेला फोटो फुकट नसतो, आणि ‘साभार: इंटरनेट’ असं लिहिल्याने तो तुमचा होत नाही. इंटरनेट नावाच्या गृहस्थाने आजवर एकही फोटो काढलेला नाही. स्वतः काढा, नाहीतर विकिमीडिया कॉमन्स या खुल्या परवान्याच्या फोटोंच्या साठ्यातून घ्या आणि तिथे सांगितल्याप्रमाणे छायाचित्रकाराचं नाव आणि परवान्याचं नाव लिहा. लेखांच्या बाबतीतही हेच. चार ओळी उद्धृत करून आपलं म्हणणं मांडणं वेगळं आणि अख्खा लेख उचलून खाली नाव टाकणं वेगळं.

मोबाइलचा फोटो जसाच्या तसा चढवला तर तीन-चार एमबीचा असतो. रुंदी १२०० ते १६०० पिक्सेल करून घ्या, तो दोन-तीनशे केबीत बसतो. लहान करताना त्यातली आतली माहितीही काढून टाका. कॅमेऱ्याची लोकेशनची सोय चालू असेल तर फोटो कुठे काढला त्याचे अक्षांश-रेखांश फाइलमध्येच लिहिलेले असतात. मोठी समाजमाध्यमं ही माहिती सहसा काढून टाकतात, तुमच्या ब्लॉगचा सर्व्हर तसं करेलच असं नाही. खिडकीतल्या कुंडीचा फोटो टाकून घराचा नेमका पत्ता जगजाहीर करणारे लोक आहेत. आणि फोटोखालच्या ‘पर्यायी मजकूर’ या चौकटीत फोटोत काय दिसतंय ते एका वाक्यात लिहा.

७. तारीख दाखवा

तारीख लपवली की पोस्ट ‘सदाबहार’ दिसते, असा एक सल्ला सर्रास दिला जातो. मला तो लबाडीचा वाटतो. २०१९ मधली कृती आज चालते का, हे ठरवायचा हक्क वाचकाला आहे. प्रसिद्धीची तारीख वर ठेवा. नंतर काही बदललं तर ‘अमुक तारखेला दुरुस्ती: आधी असं लिहिलं होतं, ते चूक होतं’ असं त्याच पोस्टमध्ये लिहा. शुद्धलेखनाची चूक गुपचूप सुधारली तर कुणाचं काही बिघडत नाही. पण आकडा, नाव किंवा मत बदललंत आणि सांगितलं नाहीत, तर ज्याने आधीचं वाचून तुमच्या भरवशावर कुणाला सांगितलं, तो तोंडघशी पडतो.

८. वाचक

सुरुवातीला येणार नाहीत. ही निराशेची गोष्ट नाही, शोधयंत्राला नवी साइट सापडायला आणि तिच्यावर विश्वास बसायला वेळ लागतो. तोवर एक करता येतं. पोस्ट ज्याच्या कामाची आहे अशा एखाद-दोन माणसांना ती वैयक्तिक पाठवा. ‘तू परवा विचारत होतास ना, ते लिहिलंय’ असं म्हणून. पंचवीस ग्रुपवर टाकण्यापेक्षा याचा उपयोग कितीतरी जास्त होतो, आणि लोक तुम्हाला म्यूटही करत नाहीत. ग्रुपवर टाकायचंच असेल तर दोन ओळी आणि दुवा टाका. अख्खा मजकूर चिकटवलात तर दुसऱ्या दिवशी तो तुमच्या नावाशिवाय फिरायला लागेल आणि आठवड्याने तुमचाच मामा तुम्हाला पाठवेल: ‘छान आहे, वाच.’

आरएसएस फीड हा प्रकार नव्या पिढीला माहीत नसतो. ब्लॉगवर नवं काही आलं की ते वाचकाच्या यादीत आपोआप दाखल व्हावं, यासाठीची ही १९९९ पासूनची साधी व्यवस्था. यात कुठलाही अल्गोरिदम मध्ये नसतो, तुम्ही लिहिलं की ते पोचतं. गूगल रीडर २००५ मध्ये सुरू झालं, १ जुलै २०१३ला बंद केलं गेलं, आणि त्या धक्क्यातून ब्लॉगवाचनाची सवय पुरती सावरली नाही. फीड मात्र मेलं नाही. पॉडकास्ट आजही त्यावरच चालतात. फीडली, इनोरीडर यांसारख्या फीड वाचायच्या सेवांमध्ये ब्लॉगचा पत्ता टाकला की झालं. वर्डप्रेसवर पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ आणि ‘फीड’ हा शब्द रोमनमध्ये लावला की तुमचं फीड दिसतं. सेटिंगमध्ये ‘संपूर्ण मजकूर’ निवडा. अर्धवट उतारा देऊन वाचकाला साइटवर ओढण्याचा आग्रह मला तरी कद्रूपणाचा वाटतो.

प्रतिक्रिया आधी तपासून मगच दिसतील अशी सोय ठेवा. नव्या ब्लॉगवर माणसांच्या आधी स्पॅम येतो, आणि तो भरभरून कौतुक करतो. ‘उत्तम माहिती, असेच लिहीत राहा’ आणि नावावर औषधांच्या दुकानाचा दुवा असेल तर हुरळू नका. खऱ्या प्रतिक्रियेला उत्तर द्या. वाद घालायला आलेल्याला एकदा उत्तर द्या, दुसऱ्यांदा नको. जुन्या पोस्टवर प्रतिक्रिया आपोआप बंद होतील अशीही सोय वर्डप्रेसमध्ये आहे. मी ती वापरू नका असं सांगेन, कारण आपला शोधत येणारा माणूस जुन्याच पोस्टवर येतो आणि ‘हे आता चालत नाही हो’ हे त्यालाच सांगायचं असतं.

आकडे बघायचेच असतील तर भेटींचा आकडा बघू नका, त्यात यांत्रिक फेऱ्या फार असतात. गूगल सर्च कन्सोल फुकट आहे. कुठले शब्द टाइप करून लोक तुमच्या पानापर्यंत आले, हे ते दाखवतं. महिन्यातून एकदा ती यादी वाचा. तुम्ही न लिहिलेल्या प्रश्नासाठी लोक तुमच्या पोस्टवर येऊन रिकाम्या हाताने परत जाताना दिसतील. पुढची पोस्ट कुठली ते तिथे लिहिलेलं असतं.

९. प्रत काढून ठेवा

तीन महिन्यांतून एकदा ‘निर्यात’ किंवा ‘बॅकअप’चं बटण दाबा आणि मिळालेली फाइल स्वतःच्या संगणकावर आणि आणखी एका ठिकाणी ठेवा. वर्डप्रेसच्या निर्यात फाइलमध्ये फोटो नसतात, फोटोंचे फक्त पत्ते असतात. फोटो वेगळे उतरवावे लागतात. जुनी साइट बंद पडल्यावर हे कळून उपयोग नसतो. एकदा तरी ती फाइल दुसऱ्या एखाद्या फुकट खात्यात चढवून बघा. सगळ्या पोस्ट उघडल्या, अक्षरं फुटली नाहीत, तर प्रत खरी.

१०. थांबावंसं वाटलं तर

खंड पडतो. ‘बरेच दिवस लिहिलं नाही, क्षमस्व’ अशी पोस्ट टाकू नका, तुमची वाट बघत कुणी खोळंबलेलं नाही. पुढची पोस्ट थेट लिहा.

कायमचंच थांबायचं ठरलं तर ब्लॉग पुसून टाकू नका. सगळ्यांत वर दोन ओळी लिहा: नवं लिखाण थांबलंय, जुनं वाचायला उपलब्ध आहे, संपर्काचा ईमेल अमुक. प्रतिक्रिया बंद करा. स्वतःच्या होस्टिंगवरचं वर्डप्रेस असेल तर ते अपडेटशिवाय तसंच सोडू नका, कुणीतरी फोडून आत शिरतं. लिखाण एखाद्या सांभाळलेल्या सेवेवर हलवा. पानं वेबॅक मशीनमध्ये जतन करा. आणि डोमेन सोडून द्यायचं असेल, तर आधी इतरत्र तुमच्या नावापुढे दिलेले त्याचे दुवे काढून घ्या, त्या डोमेनवरच्या ईमेलला जोडलेली सगळी खाती दुसऱ्या ईमेलवर न्या. सोडलेली जुनी डोमेन्स विकत घेऊन त्यांवर जुगाराच्या जाहिराती थाटणाऱ्यांचा मोठा धंदा आहे, आणि तो पत्ता ज्याच्या हाती जाईल त्याला तुमच्या नावाने येणारे पासवर्ड बदलण्याचे ईमेलही मिळतात.